पॉइंट नऊचे बुडबुडे

त्या इमारतीत तिला सगळे मावशी म्हणत, आणि तिची पाठ फिरली की फुंकणीबाई. मावशी का, तर तिची सख्खी भाची तिथेच कामाला होती. ती मावशी म्हणे, म्हणून मग साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचीच ती मावशी झाली. आणि फुंकणीबाई का, तर तिचं कामच फुंकायचं. काचेची नळी ज्योतीवर धरायची, फुंकायची, ओढायची, वळवायची. तीस वर्षं झाली तरी बाई दमली नव्हती. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. "मागून काय म्हणतात ते मला ऐकू येत नाही असं वाटतं लेकांना," ती म्हणायची, "अहो, काचेला तडा जायच्या आधी मला ऐकू येतं, तुमचं काय घेऊन बसलात!"

काम सांगायला सोपं. सुतळीएवढी बारीक काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची आणि दोन्ही हातांनी अशी ओढायची की मधोमध ती केसाहून बारीक व्हावी. मग बरोबर तिथेच तोडायची. झालं तोंड तयार. ते तोंड दुसऱ्या, चौकोनी नळीत बसवायचं. मधून वायू सोडायचा आणि बाजूंनी साबणासारखं औषधी पाणी. पाणी दोन्हीकडून वायूला चिमटा घेतं, आणि दर चिमट्याला एक बुडबुडा सुटतो. डोळ्याला दिसत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षा लहान. सेकंदाला असे हजारो सुटतात. करून बघा म्हणावं घरी.

आणि ते सगळे एका मापाचे हवेत, खरी मेख तिथे आहे. हे बुडबुडे सुईने शिरेत सोडले की रक्ताबरोबर हृदयात जातात, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय लख्ख दिसतं. आवाजाच्या लाटेला प्रत्येक बुडबुडा आपल्या मापाप्रमाणे साद देतो. सगळे एका मापाचे असले की एका सुरात बोलतात, लहानमोठे असले की नुसता कलकलाट. आणि एखादा फारच दांडगा निघाला तर तो फुप्फुसातल्या बारीक वाटेत जाऊन अडकतो. मग हृदय बघायचं राहतं बाजूला आणि माणसाचाच श्वास कोंडतो.

किती एकसारखे, हे तिथे एका आकड्यात सांगत. त्या आकड्याला सगळे नुसतं 'फरक' म्हणत. शंभरात दहाचा फरक म्हणजे माल मोरीत ओता. पाचचा म्हणजे चालेल. मावशीचा तीस वर्षांतला सगळ्यात चांगला फरक होता दोन पॉइंट तीन. स्वतःच्या लग्नाची तारीख ती कधीकधी विसरायची, हा आकडा कधीच नाही.

आता भाचीबद्दल. ही मावशीच्या मोठ्या बहिणीची मुलगी. शाळा सुटली की मावशीच्या काचखोलीत येऊन बसायची, तुटक्या नळ्या रंगाप्रमाणे लावत. तिथेच तिला बुडबुड्यांचं वेड लागलं. पुढे शिकली, शिकतच गेली, डॉक्टरेट घेऊन त्याच इमारतीत परत आली आणि मावशीच्या डोक्यावर बसली. म्हणजे हुद्द्याने. तिने काचेऐवजी मऊ प्लॅस्टिकची पट्टी काढली. साच्यातून ओतायची, आत केसाएवढ्या वाटा आपोआप उमटतात. दिवसाला पन्नास होतात. मावशीची काचेची तोंडं दिवसाला दोन व्हायची, आणि त्यातलं एक तिला पसंत पडायचं नाही.

"साच्यातून काय, इडल्याही निघतात," मावशी म्हणाली होती.

"निघतात ना, आणि सगळ्या एकसारख्या," भाचीने सांगितलं होतं. मावशीची भाचीच ती, जिभेला धार असणारच.

मोठ्या इस्पितळातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई त्या दिवशी चार वाजता येणार होत्या. काच की प्लॅस्टिक, दोन्हीतलं एक निवडून त्याचे बुडबुडे सोमवारी पहिल्या रुग्णासाठी न्यायचे, असं ठरलं होतं. साहेबांनी आडपडदा ठेवला नव्हता. प्लॅस्टिक निवडलं तर काचखोली बंद. भट्टी, ज्योत, नळ्यांची कपाटं, सगळं महिनाअखेर हलवायचं. मावशीला निवृत्तीला अजून पाच वर्षं होती. तिला कुठेतरी बसवू, असं साहेब म्हणाले होते. "बसवायला मी काय घट आहे का?" मावशीने विचारलं होतं.

सकाळी अकराला भाची काचखोलीच्या दारात आली. हातात कागद, चेहरा कसनुसा.

"मावशी, दोन्ही मोजले. माझा एक पॉइंट एक."

"बरं."

"तुझा पॉइंट नऊ."

मावशीने ज्योत बारीक केली. "काय म्हणालीस?"

"पॉइंट नऊ! शंभरात एकसुद्धा नाही. तू जिंकलीस गं!" आणि भाचीने तिला कडकडून मिठी मारली. खरं सांगायचं तर पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच काही आनंदाचं नव्हतं. पण हरली तरी तिने कागद लपवला नाही, आकडा फिरवला नाही, स्वतःच्या पायांनी चालत सांगायला आली. बहिणीने पोर बरी वाढवली, मावशीच्या मनात आलं. त्यातली निम्मी आपणच वाढवली, हेही लगेच आलं.

दोन्ही आकडे डॉक्टरीणबाईंना कळवून झाले होते. पाठोपाठ साहेब आले, हात जोडून म्हणाले, "मावशी, खोली राहिली बरं का तुमची." पहारेकरी येऊन गेला. हिशेब खात्यातल्या बाई येऊन गेल्या. फुंकणीबाईंनी साच्याला हरवलं म्हणून सगळ्यांना आपापल्या घरचा कोणीतरी जिंकल्यासारखं झालं.

मावशी अर्धा तास हवेत होती. खोटं कशाला बोला? तिने आरशात बघून केससुद्धा सारखे केले. आणि मग ज्योतीपुढे बसून पुढची नळी हातात घेतली, ओढली, तोडली, भिंगाखाली धरली, आणि पुन्हा एकदा फिरवून बघितली.

तोंडाची कड किंचित तिरकी होती. नेहमीच असते. हाताने ओढलेल्या काचेची कड थोडी तरी तिरकी जाणारच, आणि कड तिरकी असली की फरक दोनच्या खाली जात नाही. हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, तीस वर्षं हजारो तोंडं तोडून कळलं होतं. सकाळी मोजायला दिलेलं तोंड चांगलं होतं, तिच्या पहिल्या दहांतलं. पण पॉइंट नऊचं? छे! पॉइंट नऊचं तोंड तिने जन्मात केलं नव्हतं.

'इतकी काही मी चांगली नाही,' मावशी स्वतःशी म्हणाली. आणि हे ती रडतराऊतासारखं म्हणाली नाही, ठणकावून म्हणाली. तिला आपल्या हाताची किंमत पैपर्यंत ठाऊक होती. कुणी कमी केली तर ती भांडायची. कुणी जास्त केली तर काय करायचं, हा प्रसंग कधी आलाच नव्हता.

ती गप्प बसू शकली असती. कुणाच्या बापाला कळलं असतं? खोली राहिली असती, ज्योत राहिली असती. आणि तोंड उघडलं तर नुसता तिचा आकडा पडणार नव्हता. मोजणीच्या ज्या यंत्राने तिला पॉइंट नऊ दिले त्यानेच भाचीला गेले दोन महिने रोज एक पॉइंट एक दिले होते. ते यंत्र खोटं ठरलं की पोरीची दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही घरचेच. पण सोमवारी सुई ज्याच्या हातात टोचायची तो माणूसही कुणाच्या तरी घरचा होताच की. मावशीने ज्योत विझवली आणि उठली.

भाचीच्या खोलीत सकाळच्या दोन्ही बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. मावशीने आधी स्वतःची उचलली आणि तिच्यामागे बॅटरी धरली. बुडबुडे खरोखर एका मापाचे असले की ते शिस्तीत एकमेकांना चिकटून बसतात आणि मागून उजेड धरला की त्यांच्यात रंग फुटतो, तांबडा, हिरवा, जांभळा. बाटलीत नुसतं पांढरंफटक दूध दिसलं.

"रंग नाही," मावशी म्हणाली.

"मावशी, बाटली दोन तास बिनबुचाची पडून आहे. हवा लागली की मापं बदलतात, तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे. ताजे काढ."

"कशाला?"

"आकडा खोटा आहे म्हणून."

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हरले मी आणि भांडतेस तू? पॉइंट नऊ मिळालेत तुला! घे ना मुकाट्याने!"

"मला इतके मिळणं शक्यच नाही."

"का नाही? तुझा हात चांगलाच आहे."

"माझा हात कसा आहे ते तू मला सांगू नकोस. माझा हात दोन पॉइंट तीनचा आहे, फार तर दोन पॉइंट दोनचा. पॉइंट नऊचा नाही. काढ ताजे!"

मावशीचा आवाज असा चढला की वाद घालण्यात अर्थ नसतो, हे भाचीला लहानपणापासून माहीत होतं. तिने काचेचं तोंड पुन्हा जोडलं आणि पंप चालू केला. हा पंप तिच्या आवडीचा. एक मोटर पिचकारीचा दट्ट्या अगदी कणाकणाने पुढे सारते, किती पाणी गेलं ते पडद्यावर दिसतं. पूर्वी पाणी दाबाच्या बाटलीतून यायचं, मावशीनेच फुंकलेल्या जाड काचेच्या. वरून सिलिंडरची हवा, खालून पाणी. त्यात किती गेलं ते काही कळायचं नाही, म्हणून ती बाटली कपाटात गेली होती.

ताजे बुडबुडे बाटलीत उतरले. मावशीने बॅटरी धरली. दूधच दिसलं. मोजणीच्या पडद्यावर मात्र आकडा आला: पॉइंट नऊ.

"बघ, पुन्हा पॉइंट नऊ," भाची म्हणाली, पण आता तिचाही आवाज जरा खाली आला होता.

मावशीने पडद्याकडे बघितलंच नाही. तिने पाण्याच्या मऊ नळीवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. "हिला नाडी आहे," ती म्हणाली.

"कशाला?"

"नळीला. ठोके लागतायत. ठोका, विसावा, ठोका, विसावा. तुझी मोटर पाणी सलग ढकलत नाही, टिचक्या मारते."

"हो, पण त्या अगदी बारीक असतात."

"बुडबुडे तरी कुठे मोठे आहेत?" मावशी तशीच डोळे मिटून ऐकत राहिली. "आणि हा दुसरा आवाज कसला? हा टकटक?"

"कॅमेऱ्याचा. फोटो काढतोय."

"दोन्ही एकदम वाजतायत."

"वाजणारच. मी कॅमेऱ्याची वायर पंपाला जोडली आहे. पंपाने ढकललं की कॅमेरा फोटो काढतो. आधी चित्र सारखं हलायचं, काही मोजता यायचं नाही. आता कसं स्थिर येतं!" हे सांगताना भाचीला अजून थोडा अभिमान होता.

"दर वेळी ढकलतानाच काढतो?"

"दर वेळी."

"आणि पंप विसावा घेतो तेव्हा जे बुडबुडे सुटतात, त्यांचे फोटो कोण काढतं?"

भाचीने पडद्यावरच्या स्थिर चित्राकडे बघितलं.

"शितावरून भाताची परीक्षा करावी, मी कुठे नाही म्हणते?" मावशी म्हणाली. "पण तू दर वेळी पातेल्याच्या त्याच कोपऱ्यातलं शीत उचलतेस, पोरी. तिथला शिजलाय, मान्य. बाकीचा भात कुणी बघितला?"

भाचीने टेबलाखाली वाकून वायर उपटली. पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं. तिने कॅमेऱ्याला त्याच्या मर्जीने वाटेल तेव्हा फोटो काढायला लावलं आणि मोजणी पुन्हा सुरू केली. दोघी उभ्याच होत्या. आकडा आला: अकरा पॉइंट चार. मग तिने प्लॅस्टिकची पट्टी लावली. तिचा आला दहा पॉइंट सहा.

मोरीत ओतायचा माल. भाची मटकन स्टुलावर बसली. "दोन महिने," ती म्हणाली, "दोन महिने मी हे सगळ्यांना दाखवत फिरले."

मावशीला तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण घड्याळात पावणेदोन झाले होते. "रडायचं नंतर. ती दाबाची बाटली कुठल्या कपाटात टाकलीस?"

बाटली सापडली, धुतली. पंप काढून टाकला. सिलिंडरच्या हवेने पाणी ढकलायला लागल्यावर मावशीने नळीवर बोट ठेवलं, आणि नळी शांत होती. वायर नाही, पंप नाही. भाचीने एकेक हजार फोटो काढले, वाटेल तेव्हाचे, आणि मोजणी दोनदा केली, कारण तिचा आता कशावरच विश्वास राहिला नव्हता. काच: दोन पॉइंट सहा. प्लॅस्टिक: एक पॉइंट नऊ.

दोन्ही आकडे खरे होते, दोन्ही बाटल्यांत रंग होता, आणि काच हरली होती.

"मावशी..."

"दोन पॉइंट सहा," मावशी म्हणाली. "हा कसा ओळखीचा वाटला!" तिचे ओठ थरथरले, पण तिने ते आवळून धरले.

डॉक्टरीणबाई चारच्या ठोक्याला आल्या, मागे साहेब. भाची उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "सकाळी तुम्हाला कळवलेले दोन्ही आकडे खोटे आहेत. चूक माझी आहे. हे खरे." आणि वायर, पंप, कोपऱ्यातलं शीत, सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. साहेबांचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाई सकाळची ती पांढरी बाटली हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या.

"ही मी नेली असती," त्या म्हणाल्या. "आकडा बघून डोळे मिटून नेली असती. सोमवारी माझ्याकडे जी पेशंट आहे तिचं एकच फुप्फुस काम करतं." त्यांनी बाटली खाली ठेवली. "हे पकडलं कुणी?"

"मावशीने. तिला पॉइंट नऊ आले होते, तीच जिंकली होती. तिने येऊन सांगितलं की मी इतकी चांगली नाही."

डॉक्टरीणबाई मावशीकडे वळल्या. "मार्क जास्त पडले म्हणून तक्रार करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघते."

"जास्त नको आणि कमीही नको," मावशी म्हणाली. "माझे दोन पॉइंट सहा तेवढे नीट लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतले. आणि प्लॅस्टिक निवडलं. निवडायलाच हवं होतं, मावशीने त्यांच्या जागी तेच केलं असतं. बूच घट्ट लावलेली ताजी बाटली घेऊन त्या गेल्या तेव्हा साहेब दारात घुटमळले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"महिनाअखेर खोली रिकामी करते, साहेब," मावशी म्हणाली. "बोला की, घशात कशाला अडकवून ठेवता?"

काचखोलीत येऊन तिने नळ्या कागदात गुंडाळायला सुरुवात केली. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण लाज वाटत नव्हती, आणि या दोन गोष्टींत केवढा फरक आहे हे तिला चांगलं माहीत होतं. भाची मागोमाग आली आणि न सांगता शेजारी बसून गुंडाळायला लागली.

"मावशी, तुला अर्ध्या तासात कळलं."

"काय?"

"की आकडा जास्त आहे. मला दोन महिने रोज एक पॉइंट एक यायचा. एकदाही वाटलं नाही गं, की हा जास्त आहे. मला वाटायचं, एवढा यायलाच हवा. मी आहेच तेवढी हुशार."

"आहेस की."

"किती आहे?"

मावशीने हातातली नळी खाली ठेवली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"खरंच, किती आहे?" भाची म्हणाली. "तुला तुझं पैपर्यंत माहीत आहे. मला माझं काहीच माहीत नाही. उद्या दुसरं कुठलं यंत्र माझी अशीच वाहवा करेल, आणि मी पुन्हा खरं मानेन. तू माझ्या खोलीत येऊन बस. साहेब कुठेतरी बसवतील तशी नाही. रोजचा आकडा तू बघितल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असं मी लिहूनच देते."

"उपकार नकोत मला."

"तुझ्यावर कोण करतंय? मी स्वतःची सोय बघते आहे!"

दुपारपासून आवळून धरलेले ओठ तेव्हा कुठे सुटले. मावशी रडली, चांगली हुंदके देऊन, कागदातल्या नळ्या मांडीवर तशाच घेऊन. भाचीने त्या हळूच उचलून बाजूला ठेवल्या, फुटू नयेत म्हणून.

"तुझ्या त्या खोलीत सगळी नुसती स्टुलं आहेत," जरा वेळाने मावशी पदराने नाक पुसत म्हणाली. "माझी कंबर मोडेल. मला पाठ असलेली खुर्ची लागेल."

भाची उठली आणि साहेबांच्या खोलीतली खुर्ची मागायला गेली.